मोबाईल काढून घेतला. मग पोराने करायचे काय?

गेल्या जून महिन्यात, शाळा सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, एक आजी आपल्या आठ वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. तक्रार अशी की पोरगा सारखे डोळे मिचकावतो. दृष्ट काढून झाली होती, डोळ्यांत गुलाबपाणी घालून झाले होते. वर्गातल्या बाईंची वेगळीच तक्रार होती. फळ्यावरचे पुरते लिहीत नाही, शेजारच्याच्या वहीत डोकावतो. मी मुलाला काट्यावर उभे केले. वजन ३७ किलो भरले. या वयाच्या मुलाचे वजन साधारण पंचवीस किलोच्या आसपास असते. भिंतीवरच्या तक्त्यातल्या मोठ्या ओळी त्याने वाचल्या, खालच्या ओळींना मात्र डोळे बारीक करून माझ्याकडे पाहू लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी थेंब घालून तपासणी केली, दोन्ही डोळ्यांना उणे सव्वाचा नंबर निघाला.

मी विचारले, दिवसातून मोबाईल किती वेळ बघतो? आजी म्हणाल्या, शाळेतून आल्यापासून निजेपर्यंत, आणि जेवताना तर पाहिजेच. नाहीतर घास गिळत नाही. मी चष्म्याच्या चिठ्ठीखाली ठळक अक्षरांत ‘मोबाईल बंद’ असे लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावले.

महिन्याभराने त्या परत आल्या. चष्मा होता, वजन अर्धा किलो वाढले होते, मोबाईल चालूच होता. मी जरा आवाज चढवला. तेव्हा त्या माउलीने मला जे ऐकवले ते मी आजवर विसरलो नाही. “डाक्टर, मोबाईल बंद करा म्हणून चिठ्ठीवर लिवायला सोपं हाय. पर मग पोरानं करायचं काय, त्ये बी लिवा की त्यात.”

त्यांचा मुलगा यंत्रमागावर कामाला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. रात्रपाळी असली की बाप दिवसभर त्याच खोलीत झोपलेला, तेव्हा पोराने आवाज करायचा नाही. सून घरी शिवणकाम करते, मशीनवरून उठली की दिवसाची मजुरी बुडते. आजींचे गुडघे गेलेले. दाराबाहेर रस्ता, त्यावर उसाच्या ट्रॅक्टरपासून वाळूच्या डंपरपर्यंत सगळे. गल्लीच्या टोकाला जो मोकळा प्लॉट होता, तिथे पूर्वी पोरे खेळत; आता कंपाउंड होऊन कुलूप लागले. घरात मोबाईल आला तो २०२० साली, थोरल्या नातीची शाळा बंद पडून ऑनलाइन सुरू झाली म्हणून. पुढे शाळा उघडल्या, मोबाईल घरातच राहिला. अशा घरात मोबाईल हा नुसता चाळा नसतो. तो पोर सांभाळणारी बाई असतो, आणि तीही बिनपगारी.

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. या लेखात ते देण्याचा प्रयत्न करतो. त्याआधी, मैदानावर घालवलेला तास मुलाच्या शरीरात नेमके काय करतो हे समजून घ्यावे लागेल. कारण बहुतेक पालक खेळाला अजूनही ‘अभ्यास झाल्यावर उरलेला वेळ’ समजतात.

डोळ्यांपासूनच सुरुवात करू. डोळा हा जन्मतः पूर्ण वाढलेला नसतो. नवजात बाळाच्या डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी साधारण १६ ते १७ मिलिमीटर असते, मोठ्या माणसात ती २३ ते २४ मिलिमीटर होते. ही वाढ मोजूनमापून व्हावी लागते. ती गरजेपेक्षा जास्त झाली, बुबुळ लांबट झाले, की दूरच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच तयार होते आणि दूरचे धूसर दिसते. यालाच आपण ‘मायनसचा नंबर’ म्हणतो. लांबी एका मिलिमीटरने जास्त झाली तरी सुमारे अडीच ते तीनचा नंबर लागतो. आणि एकदा लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. ‘गाजर खा, नंबर उतरेल’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. गाजर जरूर खावे, त्यातले जीवनसत्त्व अ डोळ्यांना हवेच असते. मात्र त्याने हा नंबर उतरत नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो हाही असाच एक गैरसमज. नंबर असून चष्मा न लावणाऱ्या मुलाचे फक्त नुकसान होते.

आता ही लांबी भरमसाट वाढू नये म्हणून निसर्गाने एक लगाम ठेवला आहे, तो म्हणजे बाहेरचा उजेड. लख्ख उजेड डोळ्यात गेला की आतल्या पडद्यात डोपामिन नावाचे द्रव्य सुटते आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालते, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून दिसते. आपल्याला वाटते घरातही ट्यूबलाइटचा भरपूर उजेड आहे. तसे नाही. उजेड मोजण्याचे एकक ‘लक्स’ आहे. दिवे लावलेल्या खोलीत तो शे-दोनशेपासून पाचशे लक्सपर्यंत असतो. झाडाच्या सावलीत काही हजार लक्स, आणि उघड्या उन्हात पन्नास हजार ते लाखभर. आपल्या डोळ्याला हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली बारीक होऊन सांभाळून घेते. म्हणजे पोराला रणरणत्या उन्हात उभे करण्याची काही गरज नाही. वडाखाली सूरपारंब्या खेळणाऱ्या पोराला दिवाणखान्यातल्या पोराच्या कितीतरी पट उजेड मिळतो.

हे नुसते तर्काचे बोलणे नाही. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ शाळा घेऊन एक प्रयोग झाला. पहिलीतली, सहा-सात वर्षांची मुले निवडली. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास ठेवला आणि तो वर्गाबाहेर, मोकळ्यावर घेतला. उरलेल्या शाळा पूर्वीसारख्या चालू ठेवल्या. तीन वर्षांनी तपासले तर नेहमीच्या शाळांत शंभरातल्या जवळजवळ चाळीस मुलांना नव्याने मायनसचा नंबर लागला होता. बाहेरचा तास मिळालेल्यांत तीस मुलांना. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. फरक शंभरात नऊ-दहा मुलांचा. पण औषध नाही, खर्च नाही, फक्त ४० मिनिटे. तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे उघड्यावर ठेवण्याचा कार्यक्रम देशभर हाती घेतला. वर्षानुवर्षे वाढत चाललेले अधू दृष्टीच्या मुलांचे प्रमाण त्यानंतर उतरू लागले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाहेरच्या उजेडाचा फायदा नंबर लागण्याआधी जास्त होतो, लागल्यावर कमी. म्हणून ‘आमच्याला अजून चष्मा नाही, आम्हाला काय त्याचे’ असे म्हणणाऱ्या पालकांनीच हे जास्त लक्षपूर्वक वाचावे. नंबर जितक्या लहान वयात लागेल तितका तो वाढायला वर्षे जास्त मिळतात, आणि उणे सहाच्या पुढे गेलेल्या डोळ्याला पुढील आयुष्यात पडदा सुटणे, काचबिंदू असे धोके असतात. नंबर झपाट्याने वाढत असेल तर तो मंदावण्यासाठी नेत्रतज्ज्ञ विशिष्ट थेंबही देतात. ते त्यांच्याच देखरेखीखाली घालावेत, मेडिकलच्या दुकानातून परस्पर नव्हे.

राहिले डोळे मिचकावणे. आपण एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो आणि मग पोर एकदम जोरजोराने डोळे मिचकावू लागते. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे असे सांगतात. सांगायला हरकत नाही, परंतु कार्टूनमध्ये गुंगलेले पोर घड्याळ लावून खिडकीबाहेर पाहील यावर माझा फारसा विश्वास नाही.

वजन, हाडे आणि झोप यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे वाचकांनी पूर्वीही ऐकले असेल. पडद्यासमोर जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याची जाणीव होत नाही. आईला वाटते चार घास जास्त गेले, बरे झाले! हाडांची भक्कम बांधणी विशीच्या आत-बाहेर पुरी होते. ती उड्या, धावणे, ओढाताण यांनीच होते आणि तिला ऊन लागते. आपल्या एवढ्या उन्हाच्या मुलखात मुलांत ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, याला काय म्हणावे! झोपेचे असे की रात्री डोळ्यांवर उजेड पडत राहिला की झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा सुटते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी. रात्री अकराला निजून सकाळी सहाला शाळेसाठी उठणाऱ्या मुलाची झोप सातच तास होते. असे मूल वर्गात पेंगते, चिडते, आणि आपण म्हणतो अभ्यासात लक्ष नाही.

मात्र खेळाचा एक फायदा काट्यावर किंवा तक्त्यावर मोजता येत नाही, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. लगोरी खेळायची तर आधी फरशीचे सात तुकडे जमवावे लागतात. कोण कुणाच्या गटात यावर भांडण होते. आउट की नॉट आउट यावर दुसरे होते. एखादा रुसून घरी निघतो, मग दुसरा जाऊन त्याला घेऊन येतो. एखादे लहानगे ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतले जाते. त्याच्यावर राज्य येत नाही, तरी ते सगळ्यांबरोबर धावते. आट्यापाट्यांत पाटी अडवणाऱ्याला चुकवून कसे निसटायचे, डबा ऐसपैसमध्ये राज्य आलेल्याने डबा सोडून किती दूर जायचे, हे कुणी शिकवत नाही. हरायचे कसे आणि हरूनही दुसऱ्या दिवशी त्याच पोरांत परत जायचे कसे, हे शिकण्याची दुसरी शाळा मला ठाऊक नाही. मोबाईलच्या खेळात हरले की बटण दाबून डाव पुन्हा सुरू करता येतो, समोर रुसलेला मित्र नसतो.

काही वाचक म्हणतील, आमच्या लहानपणी टीव्ही होता, आम्ही बिघडलो का? प्रश्न रास्त आहे. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागले की रस्ते ओस पडत, हे मी पाहिले आहे. पण ती मालिका ठरलेल्या वेळी संपत असे. संपली की पोरे उठून धनुष्यबाण करायला पळत. आजचा मोबाईल संपतच नाही. एक चित्रफीत संपण्याआधी दुसरी तयार असते, आणि या पोराला काय आवडते हे त्या यंत्राला आईपेक्षा चांगले कळते. तेव्हा ‘आमच्या मुलाला ताबाच नाही’ असे म्हणून त्याला दोष देणे मला पटत नाही. भल्याभल्या मोठ्या माणसांना नाही तो आठ वर्षांच्या पोराला कोठून असणार?

मीही त्यातलाच, हेही कबूल करतो. माझ्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत अनेक वर्षे टीव्हीवर कार्टून चालू असे, पोरे गप्प बसावीत म्हणून. इंजेक्शन देताना रडणाऱ्या मुलापुढे मी स्वतःचा मोबाईल धरत असे. एकीकडे चिठ्ठीवर ‘मोबाईल बंद’, दुसरीकडे हा प्रकार. त्या आजी गेल्यावर आठवड्याभरात मी टीव्ही काढून टाकला. आता बाहेर गोंधळ असतो, कंपाउंडर वैतागलेला असतो, आणि सागरगोट्यांचा डबा ठेवला होता त्यातले निम्मे गोटे गायब झाले आहेत.

किती वेळ चालेल, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. दोन वर्षांखाली पडदा नको. दोन ते चार वर्षे वयात दिवसाला फार तर एक तास, कमी तितका बरा. आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेही म्हणणे जवळपास हेच आहे. परगावच्या आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलणे तेवढे त्यांनी चालेल म्हटले आहे, आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांच्या आत ठेवा असे सांगितले आहे. दुसऱ्या बाजूला, पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने रोज सरासरी एक तास तरी दम लागेल, घाम येईल अशी हालचाल करावी, असे जागतिक संघटना २०२० पासून सांगते. तीन-चार वर्षांच्या मुलाने तर दिवसभरात मिळून तीन तास हिंडावे-बागडावे.

दोन वर्षांखालील बाळांबद्दल मी जरा कडक आहे. बाळ बोलायला शिकते ते समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहून. ते ‘ब’ म्हणते, आई ‘बा’ म्हणते, ते हसते. अशी देवघेव पडदा करीत नाही. दीड-दोन वर्षांचे मूल हाक मारली तर वळून पाहत नसेल, बोट दाखवत नसेल, दोन शब्द जोडत नसेल, तर ‘बाप पण उशिरानेच बोलला होता’ म्हणत बसू नका. कान आणि वाढ दोन्ही तपासून घ्या, आणि तोवर मोबाईल दूर ठेवा.

आता त्या आजींच्या प्रश्नाकडे येतो. पोराने करायचे काय?

माझा अनुभव असा की, मोबाईल हिसकावून घेऊन पोराला रिकामे बसवले तर तीन दिवसांत मोबाईल परत येतो, वर आदळआपट होते ती वेगळीच. आधी दुसरे काही द्यावे लागते, मग मोबाईल आपोआप थोडा मागे सरतो. आणि त्या ‘दुसऱ्या काही’ला जागा लागते, सवंगडी लागतात आणि लक्ष ठेवायला एक मोठे माणूस लागते. या तिन्हींतले एकही डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळत नाही.

पावसाळा तसाच गेला. दसऱ्यानंतर आजी आणि गल्लीतल्या आणखी दोघी जणी जवळच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. शाळेला मोठे मैदान आहे, पण पाच वाजता फाटकाला कुलूप लागते. मुख्याध्यापक आधी तयार होईनात. त्यांचेही खोटे नव्हते. काचा फुटल्या, नळ मोडले, एखादे पोर पडले तर जबाब त्यांना द्यायचा. बऱ्याच बोलण्यानंतर असे ठरले की साडेपाच ते पावणेसात फाटक उघडे राहील, किल्ली समोरच्या किराणा दुकानदाराकडे राहील, आणि रोज एक मोठे माणूस तिथे हजर राहील. वार वाटून घेतले. सोमवार-गुरुवार आजींचा. गुडघे दुखत असल्याने त्या कट्ट्यावर बसून असतात, पण लगोरीत कोण खोटे बोलतो हे त्यांना बसल्या जागेवरून कळते.

सगळे सुरळीत झाले असे नाही. पहिल्या आठवड्यात चेंडू लागून एका शिक्षकांच्या गाडीचा आरसा फुटला, वर्गणी काढून भरून द्यावा लागला. दोन घरांतले भांडण मैदानावरून गल्लीत आले. आमच्या या पोराला तर पहिले पंधरा दिवस कुणी गटात घेईना. पळता येत नाही, दम लागतो. तो घरी येऊन रडे आणि मोबाईल मागे. आजींनी मग त्याला लगोरी रचायला बसवले. त्याची बोटे चपळ, मोबाईलनेच झाली असावीत! सात फरश्या भराभर रचतो म्हणून त्याला बोलावणे येऊ लागले.

त्याची आठवीतली बहीण मात्र रोज भावाला सोडायला येई आणि फाटकाशी उभी राही. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की आपल्याकडे तिचे खेळणे बंद होते. कुणी हुकूम काढत नाही. घरकाम वाढते, पाळी सुरू होते, ‘लोक काय म्हणतील’ सुरू होते. वास्तविक याच वयात तिच्या हाडांत सर्वांत जास्त भर पडत असते. पाळीच्या दिवसांतही खेळायला वैद्यकीय दृष्ट्या काहीही आडकाठी नाही. पुष्कळ मुलींना हालचालीने दुखणे कमी होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या मुलांनी आणि मुलींनी दोन्ही विजेतेपदे मिळवली, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. ही बातमी मी कात्रण काढून दवाखान्यात लावली होती, ती आजींनी मागून नेली. नातीला मैदानात आणायला तिचा उपयोग झाला की आजींच्या ओरडण्याचा, हे मला सांगता येणार नाही. आता पाच-सहा मुली तिथे खो-खो खेळतात.

ज्यांच्याजवळ मैदान नाही त्यांनी काय करावे? इमारतीची गच्ची, कठडा छातीच्या वर असेल आणि मोठे माणूस असेल तरच. देवळाचे पटांगण. घरात आणलेले सामान पोराला चालत जाऊन आणायला लावणे. शाळेत जाताना शेवटचा अर्धा किलोमीटर पायी. आणि शाळेतला पी. टी. चा तास! हा तास गणिताला किंवा कार्यक्रमाच्या तयारीला देण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविरुद्ध पालक सभेत कुणीतरी उभे राहायला हवे. उन्हाळ्यात मार्च ते मे सकाळी नवाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच बाहेर सोडावे, पाण्याची बाटली बरोबर द्यावी. ‘पोर काळे पडेल’ या तक्रारीला माझ्याकडे औषध नाही.

घरात एक-दोन गोष्टी पाळल्या तरी पुरे. जेवताना कुणाच्याच हातात मोबाईल नको, यात बापही आला. निजण्याआधी तासभर मोबाईल दुसऱ्या खोलीत, चार्जिंगलाही तिथेच. जेवणाची सवय मोडताना पहिले तीन-चार दिवस मूल कमी खाते. खाऊ द्या कमी. निरोगी मूल भूक लागली की जेवते. शाळेचा अभ्यास हल्ली मोबाईलवर येतो, त्याला इलाज नाही. तो मोठ्यांसमोर, बसून, एका ठरलेल्या वेळी करून घ्यावा आणि मोबाईल परत घ्यावा.

एकट्या घराला हे जड जाते, कारण शेजारच्या घरात चालूच असते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये यावर आपला मार्ग काढला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत. तो वेळ त्यांनी अभ्यास, वाचन आणि बोलण्यासाठी ठेवला, खेळासाठी नव्हे. मला त्यातले आवडले ते हे की भोंगा पोरांसाठी वेगळा आणि मोठ्यांसाठी वेगळा नव्हता.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र घरगुती उपाय करीत बसू नये: टीव्हीजवळ जाऊन बसणे, डोळे बारीक करून पाहणे, वारंवार डोके दुखणे, मोबाईल काढून घेतल्यावर मारहाण किंवा स्वतःला इजा करणे, खेळ, मित्र, शाळा सगळे सोडून एकाच गेममध्ये बुडून जाणे. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या अशा विकाराला २०१९ मध्ये मान्य केलेल्या आजारांच्या यादीत स्थान दिले आहे, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. डोळ्यांची साधी तपासणी सरकारी व अनुदानित शाळांत, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून, मोफत होते. पथक येणार त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा, आणि त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात कुजू देऊ नका.

गुढीपाडव्याच्या आधी आजी नातवाला घेऊन पुन्हा आल्या होत्या. वजन साडेछत्तीस. नऊ महिन्यांत उंची चार सेंटिमीटरने वाढली आहे, म्हणजे हे वजन चांगलेच म्हणायचे. नंबर उणे दीड झाला आहे. वाढला आहे, हे मी त्यांना लपवले नाही. डोळे मिचकावणे थांबले आहे. रविवारी बाप घरी असतो आणि दोघे मिळून दुपारभर मोबाईल बघतात, ते काही सुटलेले नाही. जाता जाता आजींनी विचारले की मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर मुख्याध्यापक फाटकाची किल्ली ठेवतील का, आणि मी त्यांच्याशी एकदा बोलेन का. मी हो म्हटले आहे. सोमवारी संध्याकाळी जाणार आहे.